चटणी काठमांडूला गेली

शालन, ये. अशी जवळ ये. ती खुर्ची नको, इथं माझ्याशेजारी पलंगावर बस, म्हणजे मला ओरडून वाचावं लागणार नाही. आणि आधी दोन शब्द ऐकून घे. रोज सकाळी फोनवर गुलाबाची फुलं आणि उगवता सूर्य पाठवतेस, त्यांचं मी काय करू, भाजी करू? सुप्याच्या जेवणाला तीन महिने होऊन गेले. 'येते गं, येते गं' म्हणत मला नुसतं झुलवत ठेवलंस. पुण्याहून भिंगारला यायला काय बोटीत बसावं लागतं? गुडघ्यांचं मला सांगू नकोस. माझे पाय तुझ्यापेक्षा लांब, तेव्हा माझं दुखणंही तुझ्यापेक्षा लांबच असणार. खरं तर तू अजून आलेलीच नाहीस. पण आलीस असं धरूनच मला हे लिहावं लागतंय, कारण या वहीतलं बाकी सगळं कुणीही आधी वाचलं तरी चालेल, हे मात्र तू आधी ऐकायचं आहेस.

आता बाकीच्यांना सांगते. शालन म्हणजे माझी भिंतीपलीकडची मैत्रीण. भिंगारला छावणीच्या कडेला कौलारू खोल्यांची एक ओळ होती, त्यात आमची दोन घरं चिकटून. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, शिपायांच्या वर्द्या शिवायचे. शालनचे वडील छावणीच्या कचेरीत कारकून. मधली भिंत इतकी पातळ, की तिकडे शालनला ठसका लागला की इकडे माझी आई पाण्याचा तांब्या उचलायची. पहाटे लष्करातला बिगुल वाजायचा आणि बिगुल संपता संपता दादांचं मशीन सुरू व्हायचं. ते थांबलं तर दोनच कारणं, एक तर दोरा तुटला नाहीतर दादा चहा पितायत. मला अजून शांततेत झोप लागत नाही. सूनबाई कपडे धुवायचं मशीन लावते तेव्हा मला छान डुलकी लागते, आणि ती म्हणते, आई, तुम्ही जगावेगळ्या आहात.

दोन्ही घरांपुढे मिळून एक अंगण आणि अंगणात जमिनीत बसवलेलं एकच दगडी उखळ. सोमवारी आमचं कुटण, मंगळवारी त्यांचं, असं ठरलेलं काही नव्हतं, पण कुणाचं मुसळ चाललंय ते आवाजावरून कळायचं. माझी आई काज-बटणं करून देणारी बाई, तिच्या स्वयंपाकाला कायम घाई. मुसळही ती सुई टोचल्यासारखं टुकटुक चालवायची. इंदूमावशीचं मुसळ मात्र दमानं पडायचं. धम्म, मग जरा थांबून पुन्हा धम्म, आणि मधेच बांगड्यांचा आवाज.

इंदूमावशी म्हणजे शालनची सावत्र आई. शालनची सख्खी आई ती पाच-सहा वर्षांची असताना गेली. पुढे आम्ही सातवीत असताना तिच्या वडिलांनी जामखेडकडच्या एका गावातून हे दुसरं लग्न करून आणलं. मावशी आमच्यापेक्षा फार तर बारा-तेरा वर्षांनी मोठी. उंचीनं बुटकी, अंगानं भक्कम, बोलायला लागली की जामखेडचं ऊन तिच्या बोलण्यातून यायचं. शालन तिला दोन वर्षं काहीच म्हणत नव्हती. 'ऐकलं का', 'वाढा', 'जाते मी', एवढ्यावर भागवायची. मग एकदा शालनला मोठा ताप आला, मावशीनं सहा दिवस तिच्या कपाळावरची घडी बदलली, आणि सातव्या दिवशी मावशी आमच्या दारात आली ती पदराला डोळे पुसत.

माझी आई घाबरली. "काय झालं? पोर बरी आहे ना?"

"बरी हाय वो," मावशी म्हणाली. "मला आई म्हनली. पानी दे म्हनली, आन् मग आई म्हनली. दोनदा."

त्या दिवशी तिनं दोन्ही घरांना पुरेल एवढा शिरा केला. मी दोनदा मागून खाल्ला. कारण सांगायचं तर माझी जीभ त्या घराची होती. मावशीच्या हाताला जी चव होती ती मी पुढं कुठंच खाल्ली नाही, आणि मी काही कमी लग्नांत जेवलेले नाही. शेंगदाण्याची लसूण घातलेली चटणी ती अशी कुटायची की तेल सुटून मुसळाला चिकटायची. मावशीचे उपास बरेच. उपासाच्या दिवशी स्वयंपाक केला तरी चव बघायची नाही, हा तिचा नेम. मग भिंतीवर दोन थापा मारायची आणि हाक द्यायची, "सुमे, ये गं लेकरा, चव बघून जा." शालनला खाण्यातलं काही कळायचं नाही, तिला अळणी आणि खारट दोन्ही सारखंच. म्हणून चव बघण्याचं काम माझं. मी 'जरा मीठ' म्हटलं की मावशी मीठ टाकायची, 'बास' म्हटलं की थांबायची. माझ्या शब्दावर एवढा विश्वास पुढं माझ्या नवऱ्यानंही ठेवला नाही.

आणि तरी मी जे केलं ते केलं. थांबा, क्रमानं सांगते.

आमच्या शाळेचं लेझीम पथक त्या वेळी गाजत होतं. आम्ही नववीत असताना काठमांडूच्या एका शाळेकडून आमंत्रण आलं. नेपाळ म्हणजे परदेश! आज माझी नातवंडं सुट्टीत कुठकुठं जाऊन येतात आणि परत आल्यावर 'ठीक होतं' एवढंच सांगतात. तेव्हा आमच्या अख्ख्या ओळीत कुणी पुण्याच्या पलीकडे गेलेलं नव्हतं. बातमी आली त्या दिवशी दादांनी मशीन थांबवलं, आणि दोराही तुटला नव्हता, चहाही नव्हता. पथकात आम्ही चोवीसजणी, पहिल्या ओळीत मधोमध मी. शालन पथकात आली ती माझ्यामुळे. मी तिला अंगणात दुपारी दुपारी शिकवलं. दादांच्या कामात आवाज नको म्हणून लेझमीच्या चकत्यांत आम्ही कपड्याच्या चिंध्या कोंबायचो आणि मुकी लेझीम खेळायचो. चौथ्या ठोक्याला ती हमखास चुकायची. मी तिच्या पोटरीवर पायानं हळूच मारून ठोका दाखवायचे. सहा महिने मारला तो ठोका.

मग कळलं, सोळाजणींनाच नेता येणार. पीटीच्या बाईंनी सोळाजणी निवडल्या त्या खेळावर नाही. त्यांना सगळी डोकी एका रेषेत हवी होती, परदेशात पथक कसं रेघ मारल्यासारखं दिसलं पाहिजे म्हणून. मैदानावर झेंड्याच्या खांबापासून लिंबाच्या झाडापर्यंत त्यांनी दोरी बांधली आणि एकेकीला खालून चालत जायला सांगितलं. जिच्या डोक्याला दोरी लागेल ती बाजूला. मी त्याच उन्हाळ्यात चार बोटं वाढले होते. आईनं दोनदा परकराची दुमड सोडली होती. माझी पाळी आली तेव्हा मी गुडघे जरासे वाकवले, परकराखालून कुणाला काय दिसणार असं वाटलं. बाईंच्या हातातली छडी माझ्या गुडघ्यावर टेकली. मारली नाही, नुसती टेकवली.

"सुमन, सरळ उभी राहा."

मी सरळ झाले आणि दोरी माझ्या कपाळावर आली. मला अजून तो काथ्या कपाळावर जाणवतो. बाई म्हणाल्या, "तू चांगली खेळतेस, पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी कुणीच कुठं गेलं नाही. माझ्यामागून शालन आली, दोरीखालून आरामात गेली, वर आणखी वीतभर जागा. पलीकडे जाऊन तिनं मागं वळून माझ्याकडे पाहिलं आणि हसली. आज मला माहीत आहे, ते हसणं नुसतं घाबरल्याचं होतं. तेव्हा ते मला काट्यासारखं टोचलं.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी नीट जेवले नाही. हेवा म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पित्त झालं की घशाशी येतं ना, तसा तो यायचा. शालनचे नवे कॅनव्हासचे बूट दिसले की यायचा. तिची पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं नाव दिसलं की यायचा. सगळ्यात मोठा घाव माझ्या आईनंच घातला. आमंत्रण आलं तेव्हा मी जाणारच असं धरून तिनं माझ्यासाठी हिरव्या लोकरीचा स्वेटर विणायला घेतला होता. माझं नाव गेलं त्या दिवशी फक्त एक बाही राहिली होती. आईनं ती पूर्ण केली, स्वेटर घडी केला आणि भिंतीपलीकडे नेऊन दिला. "तिकडे थंडी असते म्हणतात, पोरीकडे गरम काही नाही," म्हणाली. शालन स्वेटर घालून अंगणात आली, बाह्या हाताच्या खाली लोंबत होत्या, आणि म्हणाली, "सुमे, बघ गं, मी तूच झाले!"

ती प्रेमानं म्हणाली होती. मी आत जाऊन रडले.

बाईंनी प्रवासाची शिदोरी वाटून दिली होती. कुणी दशम्या आणायच्या, कुणी लाडू. शालनकडे सगळ्यांची चटणी आली, कारण इंदूमावशीची चटणी शाळेत माहीत होती. निघायच्या दिवशी सकाळीच मावशीनं उखळ धुतलं. दाणे आदल्या दिवशी भाजून, साली पाखडून तयार. लसणाचा ढीग मीच सोलला होता. दाराआड बसून मी ते मुसळ ऐकत होते. धम्म. धम्म. एवढी चटणी तिनं कधी केली नव्हती, तुपाचा रिकामा पत्र्याचा डबा भरायचा होता. मग भिंतीवर दोन थापा पडल्या.

"सुमे, ये गं लेकरा. माझा मंगळवार हाय आज."

मंगळवार तिनं नुकताच धरला होता. कशासाठी, ते मी विचारलं नव्हतं. मी गेले. तिच्या हातावर घामाचे ओघळ, कपाळाला तिखट लागलेलं. तिनं बोटभर चटणी माझ्या तळहातावर ठेवली. मी जिभेवर घेतली. काय सांगू तुम्हाला. तशी चटणी मावशीच्या हातूनही पुन्हा झाली नसेल. तिखट, मीठ, लसूण सगळं जिथल्या तिथं. आणि ती सोळा पोरी खाणार होत्या, आगगाडीच्या खिडकीत बसून, डोंगर बघत, आणि मी इथं उखळ धुणार होते.

"काय गं? मीठ बरूबर हाय ना?"

मी म्हणाले, "अळणी आहे मावशी."

तिला नवल वाटलं. "व्हय? मी तर अंदाजानं टाकलं हुतं." पण तिनं मीठ टाकलं. पुन्हा कुटली, पुन्हा माझ्या हातावर ठेवली. मी तोंडात घातल्यासारखं केलं आणि म्हणाले, "अजून थोडं लागेल." मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तिनं खडेमिठाची अख्खी मूठ घेतली, माझ्याकडे बघितलं, आणि मी मान डोलावली. मावशीनं मूठ सोडली. तिनं मला संशयानं पाहिलं असतं, एकदा जरी 'खरं ना गं' म्हणाली असती, तर मी रडून मोकळी झाले असते असं मी पुढं स्वतःला कितीदा सांगितलं. पण तिनं विचारलं नाही. डबा भरला, झाकणावर फडकं बांधलं, आणि चार वाजता शाळेचा ट्रक आला.

शालन ट्रकमधून ओरडली, "आई, येते गं!" सगळ्या ओळीसमोर, मोठ्यानं. मावशी ट्रक वळून गेला तरी हात हलवत उभी होती.

पंधरा दिवसांनी शालन परत आली. मी वाट बघत होते की ती चटणीचं काहीतरी सांगेल, रागावेल, मला नाहीतर कुणाला तरी बोलेल. तिनं रक्सौलच्या स्टेशनवरचं सांगितलं, तिथून डोंगरात चढणाऱ्या गाडीत बाईंना कशी ओकारी झाली ते सांगितलं, लाकडी देवळं, बर्फाचा डोंगर सांगितला. चौथा ठोका चुकला नाही, तेही सांगितलं. मी विचारलं, "आणि खाण्याचं गं?" ती म्हणाली, "खाण्याचं काय, मजा आली," आणि ट्रंकेतून लाल पोवळ्याच्या रंगाची काचमण्यांची माळ काढून माझ्या हातात ठेवली. "तुला."

मला काय वाटलं असेल? चटणीचं कुणाला कळलंच नाही, याची चुटपुट लागली. एवढं पाप केलं आणि तेही फुकट गेलं. माळ मी डब्यात टाकली, एकदाही घातली नाही. त्यानंतर शालन मावशीशी पुन्हा 'ऐकलं का' आणि 'वाढा'वर आली, ते मी भिंतीतून ऐकत होते, पण त्याचा आणि चटणीचा संबंध मी लावला नाही. नेपाळला जाऊन आल्यामुळे चढून गेलीय, असं मी आईला सांगितलं. पुढं तिचं लग्न झालं, ती पुण्याला गेली. तिचे वडील गेल्यावर मावशी पुढं झालेल्या तिच्या मुलाकडे जामखेडला गेली. शालन वडिलांच्या दहाव्याला आली होती, त्यानंतर जामखेडला एकदाही गेली नाही. सावत्रपणा शेवटी सावत्रपणाच, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे.

आता हे तीन महिन्यांपूर्वीचं. नेपाळला गेलेल्या सोळाजणींपैकी अकरा उरल्यात, त्यांचा फोनवर एक ग्रुप आहे, 'काठमांडू सख्या'. त्यात मलाही घातलंय, शालननंच, आणि मला रोज त्यांचे जुने फोटो बघावे लागतात. एक फोटो तर दर महिन्याला येतो. देवळाच्या पायऱ्यांवर सोळा पोरी, सगळी डोकी एका रेषेत, आणि पहिल्या ओळीत मधोमध माझा हिरवा स्वेटर, बाह्या दुमडलेला. खाली सगळ्या बदाम टाकतात. मी अंगठा टाकते. हसू नका. अडुसष्ट वर्षांची बाई एका स्वेटरवर जळते, हे मला लिहायलाही बरं वाटत नाही, पण खरं आहे. विमल म्हणून आमची एक मैत्रीण आहे, तिचा मुलगा सुप्याच्या एका कंपनीत साहेब आहे. त्यानं तिकडंच रस्त्याकडेच्या हॉटेलात आम्हा सगळ्यांचं जेवण ठरवलं, पुण्याच्यांनाही सोयीचं आणि आम्हालाही.

जेवण राहिलं बाजूला, नेपाळच सुरू झालं. ही म्हणते, तो घंटेचा आवाज आठवतो का, ती म्हणते, बाईंची छत्री वाऱ्यानं दरीत गेली ती आठवते का. सगळ्यांची तोंडं पंधरा वर्षांची झाली होती. माझं एकटीचं अडुसष्टचं. आणि तेवढ्यात विमल टेबलावर हात आपटून म्हणाली, "आणि शालनची चटणी!"

अकराच्या अकराजणी हसायला लागल्या. "अगं समुद्र होता समुद्र!" "दर स्टेशनला पाण्यासाठी पळापळ! मनमाडपासून जे पाणी प्यायला लागलो..." "आणि बाई काय म्हणाल्या? अगं, जिला जीव लावायचा तिला कुणी असलं खायला देतं का!"

विमल हसत हसत म्हणाली, "आणि मी म्हटलं, बाई, सावत्र आहे ना तिची, म्हणून!"

शालन हसत होती, ती थांबली. "हसा बायांनो," ती म्हणाली. "मला त्या दिवशी गाडीत कळलं, तिच्या मनात काय आहे ते. सगळ्या पोरींपुढं. आणि मी वेडी, तरी काठमांडूत गेल्यावर तिच्यासाठीच माळ घेतली, सवयीनं. घेतल्यावर वाटलं, कशाला? मग सुमीला दिली."

माझ्या तोंडात गुलाबजाम होता. तो गिळताही येईना आणि थुंकताही येईना. आणि लिहायला बसलेच आहे तर हेही लिहिते. पहिल्यांदा मला दुःख झालं नाही. पहिल्यांदा, क्षणभर, आनंद झाला. पन्नासवर वर्षं ज्या सहलीची गोष्ट या बायका सांगतात, तिच्यात सगळ्यात रंगलेली गोष्ट माझी होती. मी गेले नव्हते, पण त्या माझ्यामुळे पळाल्या होत्या प्रत्येक स्टेशनला. असं हलकं मन माझं. मग माळेचं ध्यानात आलं, आणि तो आनंद तिथंच विझला.

विमल म्हणाली, "सुमे, तू का गप्प? हां, तू कुठं आली होतीस म्हणा, तुला काय कळणार."

मला काय कळणार! मला एकटीलाच कळत होतं. तोंड उघडायची ती वेळ होती आणि मी पाण्याचा ग्लास उचलला. जेवण झाल्यावर शालन पुण्याच्या गाडीत बसली, खिडकीतून हात हलवला, माझ्या तोंडून एवढंच निघालं, "भिंगारला ये गं."

तिला सांगण्याआधी जिला सांगायला हवं होतं तिच्याकडे मी पुढच्या आठवड्यात गेले. नगरच्या स्टँडवर गाडीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहितात, माझ्या जिभेला अजून वळत नाही. जामखेडपर्यंत मी काय काय बोलायचं ते मनात म्हणत गेले. मावशी ओसरीवर सुपात ज्वारी निवडत बसली होती. ऐंशीच्या पुढची, आणखी बुटकी झालेली, डोळ्यांवर जाड चष्मा. मी पायऱ्या चढून वर आले तर तिनं मान वर करून बघितलं, बराच वेळ, आणि म्हणाली, "एवढी उंच बाई आमच्या वळखीत येकच. सुमी न्हवं?"

मी तिथंच बसले आणि सगळं सांगितलं. पाठ केलेलं काही आठवलं नाही. अळणी नव्हती मावशी, चांगली होती, मी खोटं बोलले, असं पहिलीतल्या पोरीसारखं सांगितलं. ती ज्वारी निवडत राहिली. मला वाटलं ऐकू येत नाही. मी पुन्हा मोठ्यानं सांगायला लागले.

"वरडू नको, ऐकू येतंय," ती म्हणाली. "मला ठावं हाय ते."

"कसं?"

"उखळाच्या बुडाला राहिली हुती ना येक चमचा. दुसऱ्या दिवशी उपास सोडला, भाकरीवर ती घेतली. तवाच कळलं." ती सुपातला खडा उचलून बाजूला टाकत होती. "पर तवर गाडी कुठल्या कुठं गेल्ती. काय करनार?"

मी म्हणाले, "मग शालनला सांगितलं का नाही? ती तुम्हाला दोष देत राहिली मावशी. एवढी वर्षं."

तिनं सूप खाली ठेवलं. "आगं, तिला आई नवी हुती. मैतरीन जुनी हुती. तुझं नाव घेतलं असतं तर ती बी गेली असती. मग पोरीकडं राहिलं कोन?" आणि सूप पुन्हा उचलत म्हणाली, "आन् तू बी लेकरूच हुतीस. पंधरा दिस भिंतीपलीकडं रडतीयास, मला काय ऐकू येत न्हवतं?"

मला रडू आलं ते आवरेना. तिनं माझ्या हातावर थाप मारली, भिंतीवर मारायची तशी, दोनदा. मग आत हाक मारून सुनेला चहा टाकायला सांगितला. एकच कप आला. मी म्हटलं, तुम्ही घ्या ना. ती म्हणाली, आज मंगळवार. मला वारही आठवला नव्हता. मी म्हटलं, अजून धरता? या वयात? तेव्हा तिनं सांगितलं की तो उपास तिनं शालन नेपाळला निघाली तेव्हा धरला होता. पोर लांब चाललीय, सुखरूप परत येऊ दे, म्हणून.

"पण ती तर आली परत, मावशी. कधीच आली."

"कुठं?" मावशी म्हणाली. "माझ्याकडं कुठं आली अजून?"

शालन, मी आयुष्यभर तुझा हेवा केला. दोरीखालून गेलीस म्हणून केला, बर्फ बघितलास म्हणून केला, फोटोतल्या स्वेटरचा केला. जामखेडहून येताना गाडीत बसल्या बसल्या पुन्हा केला, आणि या वेळचा सगळ्यांत मोठा. माझ्यासाठी कुणी पन्नासवर वर्षं मंगळवार उपाशी राहिलेलं नाही. नेपाळ तर मी आता कुठल्याही सहलीबरोबर बघेन, हे कुठून आणू?

तू ऐकून उठून जाशील, हे मी धरून चाललेय. मैत्रीण जाईल ती जाऊ दे, तिच्या जाण्याची वेळ पन्नास वर्षांपूर्वीच होऊन गेली होती, मावशीनं ती थोपवून धरली होती. मला बोल, बाकीच्या दहाजणींना त्या ग्रुपवर सांग, माझं नाव काढून टाक. पण उठून पुण्याला जाऊ नकोस. माझ्याबरोबर जामखेडच्या गाडीत बस. हे फोनवर सांगायचं नाही, असं मावशीनं मला बजावलंय, म्हणून तर तीन महिने तुझ्या गुलाबांना मी नुसते नमस्कार करतेय. काचमण्यांची ती माळ मी डब्यातून काढून, नव्या दोऱ्यात ओवून ठेवलीय. ती तू घेतली होतीस जिच्यासाठी, तिच्या गळ्यात तूच घाल. मी दाणे भाजून घेईन, लसूण सोलून घेईन, उंच आहे तेव्हा फळीवरचा डबाही काढून देईन. जिभेचं काम मात्र माझ्याकडं देऊ नका.

लवकर ये गं. वय तुझं-माझं नाही, तिचं बघ. आणि मंगळवारी ये. तू दारात आलीस की उपास सोडायचा असं तिनं ठरवलंय, म्हणजे या खेपेला चव तिलाच बघता येईल.